गुल महंमद यांचे दोन देश

मार्च १९४७. बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू आहे. एका बाजूला गायकवाडांचे बडोदे, दुसऱ्या बाजूला होळकरांचे इंदूर. म्हणजे सामना क्रिकेटचा असला तरी समोरासमोर उभी आहेत ती दोन मराठी संस्थाने. होळकर संघाचे नेतृत्व कर्नल सी. के. नायडूंकडे आहे. बडोद्याचे तीन गडी शंभरीच्या आत बाद झालेले आहेत आणि खेळपट्टीवर दोघे जण एकत्र येतात. एक सांगलीत जन्मलेले मराठी ख्रिस्ती गृहस्थ, विजय हजारे. दुसरे लाहोरचे डावखुरे, अंगाने लहानखुरे, कव्हरमध्ये विजेसारखे पळणारे गुल महंमद.

हे दोघे बाद होईपर्यंत चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी झाली होती. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याने ७८४ धावा केल्या आणि होळकरांना एक डाव आणि ४०९ धावांनी हरवले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी इतकी मोठी भागीदारी तोवर जगात कोणी केली नव्हती.

आता त्याच आठवड्यातले लाहोर पाहा. २ मार्चला पंजाबचे मुख्यमंत्री खिज्र हयात खान यांनी राजीनामा दिला. दोन दिवसांत लाहोरात गोळीबार आणि दंगल सुरू झाली. अमृतसर, मुलतान, रावळपिंडी जळू लागले. पंजाबच्या फाळणीचे रक्तरंजित पर्व या आठवड्यापासून मोजतात. एक लाहोरी मुसलमान आणि एक सांगलीकर ख्रिस्ती बडोद्यात एका मराठा राजाच्या संघासाठी धावा जमवत होते, तेव्हा त्यातल्या एकाच्या गावात घरे पेटत होती. हे दृश्य मला फार दिवसांपासून छळते आहे, म्हणून हा धागा. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

गुल महंमद भारताकडून आठ कसोटी सामने खेळले आणि पाकिस्तानकडून एक. दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले असे तिघेच: अब्दुल हफीज कारदार, अमीर इलाही आणि गुल महंमद. या तिघांचा विषय निघाला की आपल्याकडे एक शब्द हमखास येतो, ‘गद्दार’. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की त्याचा अर्थ तपासण्याचे कष्टही कोणी घेत नाही. माझे म्हणणे असे की या तिघांना, त्यातही गुल महंमद यांना, हा शब्द लावणे हे इतिहासाचे घोर अज्ञान आहे. मात्र त्यांच्या बाजूने जो सोपा बचाव केला जातो तोही मला पुरता पटत नाही. तिकडे नंतर वळू.

पहिला प्रश्न: लाहोरचा माणूस बडोद्यात करत काय होता?

त्या काळचा खेळ राजाश्रयावर चाले. कोल्हापुरात वाढलेल्याला हे वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेतले आणि पंजाबच्या मल्लांना कोल्हापूरचा रस्ता दाखवला. तालमीत खुराक कोणाचा, तर दरबारचा. मग मल्ल त्या दरबारचा. तो अमृतसरचा, लाहोरचा की सातारचा, हा प्रश्न दुय्यम. क्रिकेटमध्ये पतियाळा, बडोदे, इंदूर, नवानगर यांनी नेमके हेच केले. चांगला फलंदाज दिसला की त्याला पदरी नोकरी द्यायची, मैदानावर उतरवायचे. गुल महंमद १९४३ च्या सुमारास बडोद्याकडे आले. लाहोरचेच लेगस्पिनर अमीर इलाहीही बडोद्याच्या चाकरीत होते.

या व्यवस्थेत संघ बदलणे म्हणजे नोकरी बदलणे. आपल्या गावचेच उदाहरण घ्या. भाऊसाहेब निंबाळकर, जन्म कोल्हापूर, १९१९. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करणारे. ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. ही कथा आपण सारे जाणतो. पण निंबाळकर किती संघांकडून खेळले हे सहसा कोणी सांगत नाही: बडोदे, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे. सहा संघ! एकानेही त्यांना गद्दार म्हटले नाही. म्हणायचे कारणही नव्हते.

मग ऑगस्ट १९४७ आला आणि ज्या गोष्टीला काल नोकरी म्हणत होते तिला आज निष्ठा म्हणू लागले.

त्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी भारतीय संघाचे शिबिर पुण्यात भरले होते. संघात लाहोरचे एक वीस वर्षांचे वेगवान गोलंदाज निवडले गेले होते, फजल महमूद. शिबिर आटोपले तेव्हा त्यांचे घर दुसऱ्या देशात गेले होते. पुण्याहून मुंबईला जाताना आगगाडीत काही माथेफिरूंनी त्यांना गाठले. डब्यात सी. के. नायडू होते. नागपुरात जन्मलेल्या या गृहस्थांनी बॅट उचलली आणि त्यांना दूर राहायला बजावले. फजल यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. मुंबईहून विमानाने कराची, तिथून लाहोर. घरी पोहोचल्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियाला जायचा विचार सोडला. पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, लखनौच्या कसोटीत त्याच फजल यांनी बारा बळी घेऊन भारताला डावाने हरवले. नायडूंनी त्या दिवशी आगगाडीत बॅट उचलली नसती तर ते बारा बळी पडले नसते, असा हिशोब मांडणारे लोकही असतील. मला मात्र त्या डब्यातले नायडू हे आपल्या क्रिकेटमधले सर्वांत मोठे कर्णधार वाटतात.

फजल गेले, गुल महंमद आणि अमीर इलाही गेले नाहीत. दोघेही लाला अमरनाथ यांच्या संघातून भारताच्या बाजूने ऑस्ट्रेलियाला गेले. पंजाबात माणसे मरत असताना, स्वतःचे शहर परदेश झालेले असताना, दोन लाहोरी मुसलमान भारताची टोपी घालून प्रवासाला निघतात, या गोष्टीवर आपण कधी दोन मिनिटे थांबतो का? गुल महंमद त्या दौऱ्यात पाचही कसोटी सामने खेळले. खरे सांगायचे तर फारसे काही करू शकले नाहीत. संपूर्ण कारकिर्दीत त्यांचे कसोटी अर्धशतकही नाही. ॲडलेडला दोन्ही डावांत शतके ठोकली ती हजारेंनी. अमीर इलाही यांना सिडनीत एकच कसोटी मिळाली.

आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली ते खेळले ते अमरनाथ? तेही लाहोरच्या मैदानांवर घडलेले. फाळणीने त्यांचेही लाहोर हिरावले. अमरनाथांनी लाहोर सोडले म्हणून त्यांना कोणी लाहोरचे गद्दार म्हणत नाही.

ऑक्टोबर १९५२, दिल्लीचे फिरोजशाह कोटला. पाकिस्तानचा पहिलावहिला कसोटी सामना. पाकिस्तानचे कर्णधार कारदार, जे १९४६ मध्ये ‘अब्दुल हफीज’ या नावाने भारताकडून इंग्लंडमध्ये तीन कसोटी खेळले होते. पाकिस्तानच्या संघात अमीर इलाही. भारताच्या संघात हजारे आणि गुल महंमद. बडोद्याचे तीन जुने सोबती एका मैदानावर: दोघे या बाजूला, एक त्या बाजूला. दोन लाहोरी परस्परांविरुद्ध, आणि त्यातला मुसलमान गुल महंमद भारताच्या बाजूने. फाळणीचे धार्मिक गणित इतके सरळ असते तर हा धावफलक तयारच झाला नसता. पुढे त्याच मालिकेत मद्रासला, चव्वेचाळीस वर्षांच्या अमीर इलाहींनी झुल्फिकार अहमद यांच्यासोबत शेवटच्या गड्यासाठी १०४ धावा जोडल्या. स्वतः ४७. वय पाहता हे धाडसच.

त्यानंतर गुल महंमद भारताकडून कसोटी खेळले नाहीत. काही वर्षे हैदराबादकडून रणजी खेळले, मग पाकिस्तानात गेले, तिथले नागरिकत्व घेतले, आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये कराचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून उतरले. मॅटिंगच्या खेळपट्टीवरचा तो सामना पहिल्या दिवसासाठी कुप्रसिद्ध आहे: दिवसभरात दोन्ही संघ मिळून फक्त ९५ धावा! फजल यांनी तेरा बळी घेतले, पाकिस्तान नऊ गडी राखून जिंकला. गुल महंमद यांनी १२ आणि नाबाद २७ धावा केल्या. ती त्यांची अखेरची कसोटी.

आता सोप्या बचावाबद्दल. ‘खेळाडूने देश बदलला नाही, देशाने सीमा बदलली,’ असे म्हणतात. कारदार आणि फजल यांच्याबाबतीत ते खरेच आहे. लाहोरचा माणूस लाहोरला राहिला. रॅडक्लिफची रेघ त्याच्या पूर्वेला पडली. ती पश्चिमेला पडली असती तर हेच दोघे भारताचे नायक असते. इंदूरचे मुश्ताक अली भारतातच राहिले, कारण त्यांचे घर इंदुरात होते. या तर्कात खोट नाही.

पण गुल महंमद? ते फाळणीनंतर आठएक वर्षे भारतात राहिले, भारतासाठी खेळले, पाकिस्तानविरुद्धही खेळले. त्यांचे जाणे ही रेघेची करामत नव्हती. ती निवड होती. तेव्हा ‘सीमेने केले’ एवढे म्हणून सुटका नाही. प्रश्न असा विचारावा लागतो की एखाद्या प्रौढ माणसाने विचार करून देश बदलला, तर तेवढ्याने तो दोषी ठरतो का?

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते सांगण्यासाठी मला जरा दूर, तलवारीच्या पात्यावर जावे लागेल. आपल्या मर्दानी खेळातल्या तलवारीवर नव्हे. ऑलिंपिकमधल्या, जिला आपली वर्तमानपत्रेही तलवारबाजीच म्हणतात.

१९३२ साली बर्लिनमध्ये एलेन प्राइस नावाची विशीतली मुलगी होती. तिला ऑलिंपिकला जायचे होते. जर्मनीला तिची गरज नव्हती, कारण त्यांच्याकडे १९२८ ची सुवर्णविजेती हेलेने मायर होती. प्राइसचे वडील मूळचे ऑस्ट्रियाचे, व्हिएन्नात नातेवाइकांची तलवारबाजीची शाळा. ती ऑस्ट्रियाकडून लॉस एंजेलिसला गेली आणि सुवर्णपदक घेऊन आली. मायर पाचवी आली. इथवर ही गोष्ट एका डावललेल्या खेळाडूच्या सुडाची वाटते. पण १९३६ मध्ये बर्लिनला काय झाले पाहा. मायरचे वडील ज्यू. १९३३ मध्ये तिच्या गावच्या क्लबने तिला काढून टाकले होते आणि ती कॅलिफोर्नियात राहत होती. तरीही ती जर्मनीकडून खेळायला परत आली, रौप्य जिंकली आणि पदक घेताना तिने नाझी सलाम ठोकला. तिसऱ्या पायरीवर ऑस्ट्रियाची एलेन प्राइस उभी होती. दोन वर्षांनी हिटलरने ऑस्ट्रियाच गिळला. म्हणजे जिने देश बदलला तिचा नवा देशही जुन्या देशाने खाल्ला. युद्धानंतर ऑस्ट्रिया पुन्हा उभा राहिला आणि १९४८ मध्ये, लंडनला, प्राइसने त्याच्यासाठी पुन्हा कांस्य जिंकले.

या दोघींत निष्ठावान कोण? मायरने संघ बदलला नाही, आणि ज्या राजवटीने तिला माणूस मानायचे नाकारले तिच्यासमोर हात उंचावला. प्राइसने संघ बदलला. माझ्या मते तिचे पाऊल अधिक स्वच्छ होते. संघ न बदलणे ही आपोआप नीती होत नाही, इतकेच मला यातून दाखवायचे आहे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला खरे तर हे सर्वांत आधी कळायला हवे. शहाजीराजे निजामशाहीत होते, काही काळ मुघलांकडे गेले, पुन्हा निजामशाही उभी करायला झटले आणि १६३६ नंतर आदिलशाहीत राहिले. आपण त्यांना महाराजसाहेब म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराराणींचे सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला गेले. १७१३-१४ मध्ये कान्होजी आंग्रे ताराराणींचा पक्ष सोडून बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने साताऱ्याकडे गेले आणि सरखेल पद त्यांच्याकडे राहिले. आमच्या कोल्हापूरच्या गादीचा जन्मच या निष्ठांच्या ओढाताणीतून झाला. १७३१ च्या वारणेच्या तहाने तिला हद्द मिळाली. कोल्हापूरकर आजही ताराराणींच्या पुतळ्यापुढे नतमस्तक होतो, आणि आंग्र्यांच्या आरमाराचा अभिमानही बाळगतो. दोन्ही एकाच छातीत मावतात!

कोणी म्हणेल, सरंजामशाहीतली चाकरी आणि आधुनिक राष्ट्र एक नव्हे. मान्य. वतन आणि नागरिकत्व यांत फरक आहे, आणि मी तो पुसत नाही. परंतु १९४० च्या दशकातले खेळाडू नेमके त्या दोन जगांच्या सांध्यावर उभे होते. त्यांना घडवले दरबारांनी आणि जोखले राष्ट्रांनी.

याचा सर्वांत जवळचा पुरावा पुन्हा कोल्हापूरचाच. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा संस्थान विलीन झालेले होते. त्यांच्या खर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. कांस्यपदक मिळाले ते मात्र ‘भारताला’. राष्ट्राने खेळाडूवर हक्क सांगायला क्षणही लावला नाही. त्याचे तिकीट काढायला मात्र एका प्राचार्याचे घर लागले. ज्या काळात खाशाबांसारख्या मल्लाला देश एवढेच देत होता, त्या काळातल्या एखाद्या मधल्या फळीतल्या फलंदाजाने शेवटी आपल्या जन्मगावी परतावे, याला विश्वासघात म्हणायला कोणता हिशोब लावायचा?

आणि आता आजचा हिशोब. ६ जून २०२४, डॅलस. अमेरिकेने टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवले. ते षटक टाकले मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. हाच २०१० मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषक संघात होता. मुंबईकडून रणजी खेळला. मग उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला, संगणक अभियंता झाला. त्या रात्री सारा महाराष्ट्र ‘आपला सौरभ’ म्हणत होता. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्याने भारताविरुद्ध विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्माला ३ धावांवर बाद केले. तरीही त्याला गद्दार म्हणणारा आवाज मला कुठे ऐकू आला नाही. उलट कौतुकच ऐकले: मराठी पोराने नाव काढले!

मलाही तो आनंद झाला होता, लपवत नाही. पण मग विचारायला हवे की गुल महंमद यांनी असे काय केले जे नेत्रावळकरने केले नाही? दोघेही भारताच्या रंगात खेळले. दोघांनीही स्वेच्छेने दुसरा देश निवडला. फरक असलाच तर तो गुल महंमद यांच्या बाजूने आहे: पाकिस्तानच्या संघात असताना ते भारताविरुद्ध एकही कसोटी खेळले नाहीत. त्यांनी भारत-पाकिस्तान कसोटी खेळल्या त्या भारताच्या बाजूने. आणि ते जिथे गेले ते त्यांचे जन्मगाव होते, पगार मोठा असलेला परमुलूख नव्हता.

म्हणजे आपला राग संघ बदलण्यावर नसतोच. तो कोणत्या देशात गेला आणि त्याचे नाव काय यावर असतो. अमेरिकेत गेलेला आपला, पाकिस्तानात गेलेला परका. हे दोन मापांचे दुकान आहे. राजकारणात ते चालवणारे चालवोत. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणूनही जाऊ नये असे मला वाटते.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. पाकिस्तान आणि अमेरिका सारखे नाहीत. एकाशी आपली युद्धे झाली आहेत. खरे आहे. १९४७-४८ मध्ये काश्मीरात लढाई चालू होती, आणि नेमके त्याच महिन्यांत गुल महंमद ऑस्ट्रेलियात भारतासाठी क्षेत्ररक्षण करत होते. युद्धाचा निकष लावायचाच असेल तर तो त्यांच्या त्या पाच सामन्यांनाही लावावा लागेल.

गुल महंमद १९९२ साली लाहोरात वारले. विजय हजारे २००४ मध्ये बडोद्यात. ५७७ धावांचा विक्रम दोघांच्याही पश्चात टिकून होता. जुलै २००६ मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६२४ धावा जोडल्या, तेव्हा कुठे तो मोडला. चौथ्या गड्याच्या रकान्यात मात्र आजही तीच दोन नावे आहेत, आणि त्यांच्यापुढे संघ म्हणून लिहिलेले आहे: बडोदे.